लॉरीच्या खोलीतला हीटर

बाबा,

मी लर्विकला जातेय, संध्याकाळच्या बोटीने येईन. सूप केलंय, तेवढं गरम करून घ्या. दुपारी हीटरवाला येईल. रात्रीच्या स्वस्त विजेवर आतल्या विटा तापवून दिवसभर ऊब देणारेच हीटर हवेत, असं त्याला सांगा. लॉरीच्या खोलीतही एक बसवून घ्या. "रिकामी खोली कशाला तापवायची?" असं तुम्ही काल म्हणालात. पण बाबा, त्याची होडी सापडली, तुमचा लेक अजून सापडलेला नाही.

त्या खोलीतला जुना हीटर मी रोज झोपताना बंद करते आणि सकाळी तो हाताला गरम लागतो. तुम्ही लावत असाल, तर खुशाल लावत जा. लावत नसाल, तर मला सांगू नका.

इंगा