पाठमोरा दगड

दि. ६ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नववीच्या सव्वीस मुलांना घेऊन मी दर गुरुवारी दफनभूमीत जाते, हे आईने तुमच्या कानावर घातलंच असेल. गावाचा इतिहास शिकवायला एवढी जुनी आणि शाबूत जागा दुसरी नाही. एका पालकांनी विचारलं, जिवंत माणसं संपली का? मुख्याध्यापिकाबाईंनी मला जुलैच्या मध्यापर्यंत मुदत दिली आहे. तेव्हा मुलं प्रदर्शन मांडतील, मग पुढचं ठरेल.

पोरं मात्र रंगली आहेत. आधी आडव्या फरशा, मग गोल माथ्याचे उभे दगड, मग चकचकीत काळे, हा क्रम त्यांनी आपणहून शोधला. वर्गातल्या एका पोरीला, आमच्या चष्मिसला, तर नुसता माथा पाहून दशक सांगता येतं.

अडलंय एकाच ठिकाणी. तिसऱ्या रांगेतले सगळे दगड पायवाटेकडे तोंड करून आहेत, एक तेवढा पाठमोरा. तुम्ही उमेदीत तिथेच दगड बसवायचं काम करत होता ना? मग तो असा का? वर्गाचं मत, आतला माणूस शेजाऱ्यांशी भांडलेला असावा.

मामींना नमस्कार. लोभ असावा, आणि उत्तरही यावं.

तुमची भाची


दि. ११ जून

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

मी जन्मभर तुम्हा पोरांना त्या कामापासून लांब ठेवलं, आणि तू अख्खा वर्ग तिथे नेऊन बसवलास! तुझी मामी दोन दिवस हसते आहे.

मुलांना दारावरची कमान नीट दाखव. तिचा मधला दगड शेवटी बसतो, तोवर सगळा भार लाकडी सांगाड्यावर. आणि तारेचा ब्रश कुणाच्या हाती देऊ नकोस, अक्षरं खरवडून निघतात. साधं पाणी नि मऊ ब्रश पुरे.

त्या पाठमोऱ्या दगडाचं विशेष काही नाही. तिथली जमीन भुसभुशीत, झाडांच्या मुळांनी दगड फिरतात. त्यात वेळ घालवू नका.

आमची माया आहेच, ती झिजायची नाही.

तुझा मामा


दि. २० जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, पोरांनी तुम्हाला पकडलं! दोरीला नट बांधून ओळंबा सोडला, दगड तसूभरही कललेला नाही. जवळचं झाड चाळीस पावलांवर आहे. पायाच्या दगडावरची नक्षीसुद्धा मागच्याच बाजूला, आणि सांध्यातला चुना कुठे तडकलेला नाही. म्हणजे दगड फिरलेला नाही, बसवलाच तसा. तक्त्यावर चष्मिसने लिहिलं आहे, ‘साक्षीदार: मामा. भरवशाचा नाही.’ मी हसू दाबलं.

तिथे आम्हाला बटणवाल्या आजी भेटल्या. बाजारात त्यांचं बटणांचं दुकान होतं, आता वय ब्याऐंशी. तो दगड त्यांच्या पोस्टमन नवऱ्याचा. नाव वाचायला काठी टेकत ओल्या गवतातून मागे जातात. आज पाय घसरला, मुलींनी सावरलं म्हणून बरं.

त्या म्हणाल्या, दगड बसवणाऱ्या तरुणाने तेव्हा सांगितलं होतं की ज्यांना शांतता आवडायची त्यांचा दगड असाच बसवायची जुनी रीत आहे. मुलांनी लगेच वहीत उतरवून घेतलं. १५ जुलैच्या प्रदर्शनात ही रीत मोठ्या अक्षरांत लावायची आहे. तो तरुण कोण, तुम्हाला आठवतं का?

लोभ आहे तसाच राहो, थापा मात्र कमी व्हाव्यात.

तुमची भाची


दि. २५ जून

चि. भाचीस,
अ. उ. आ.

ती रीत प्रदर्शनात लावू नकोस. तशी रीत कुठेच नाही. तो तरुण मीच.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. उस्ताद आजारी, एकट्याने बसवलेला तो माझा पहिला दगड. मी नकाशा उलटा धरला. सकाळी चूक कळली तेव्हा चुना धरून बसला होता, आणि समोर त्या बाई उभ्या. तोंडाला आलं ते बोलून गेलो. त्यांनी मान हलवली आणि वळसा घालून मागे गेल्या.

सत्तेचाळीस वर्षं मी त्यांना चिखलातून चालवतो आहे. त्या रांगेत मी पुन्हा काम घेतलं नाही, समोरून कधी त्या दिसल्या तर वाट बदलली. आता माझी थाप तुझी मुलं इतिहास म्हणून पाठ करणार! मला जेवण गोड लागत नाही.

सोबतचं पत्र त्यांना वाचून दाखव. त्या म्हणतील तर येऊन दगड फिरवून देईन. माझं तोंड पाहायचं नसेल, तर तेही स्पष्ट कळव.

माया आटू देऊ नकोस.

तुझा मामा


दि. ५ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

काल मुलांना कमानीपाशी बसवलं आणि आजींना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, मला तेव्हाच कळलं होतं. रीत सांगतानाही पोराच्या हातातला कागद उलटाच होता.

तुमचे ओठ थरथरत होते म्हणून त्या बोलल्या नाहीत. पुढे त्यांनाच ती जागा आवडली. दुकानात दिवसभर हसतमुख राहावं लागायचं. दगडाच्या मागे पायवाटेवरचं कुणी बघत नसे, तिथे पोटभर रडता यायचं. त्यामुळे दगड आत्ता फिरवायचा नाही. त्यांचं नाव खाली कोरायची वेळ येईल तेव्हा फिरवा म्हणतात, मग लपायचं कारण उरणार नाही. ते काम तुम्हीच करायचं, आणि त्यांना घाई नाही, तेव्हा तब्येत सांभाळा असा निरोप आहे.

आत्ता हवी आहे ती पाय न घसरणारी वाट. प्रदर्शनात खरं तेच लावा म्हणाल्या. चष्मिसने तक्ता दुरुस्त केला, ‘साक्षीदाराने जबानी बदलली. आता भरवशाचा.’

मामा, मला तुमचा फार अभिमान वाटला. लोभ दुप्पट करावा.

तुमची भाची


दि. ८ जुलै

चि. भाचीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीने वाचलं, मला अक्षरं दिसेनात.

बुधवारी संध्याकाळच्या बसने येतो. थापी, चुना, ओळंबा माझा. मुलांना सपाट दगड जमवायला सांग. किती ते आजींचं पाऊल मोजून ठरव, माझं नको. मी ढांगा टाकतो.

वाटेचा नकाशा चष्मिसला काढू दे. आणि काम चालू असताना तो तिनेच धरायचा.

आजींना माझा नमस्कार सांग. समोर येऊन पुन्हा करीनच.

तुझा मामा