ऐंशीच्या पुढची थरथर

प्रिय ढमे,

गाडीचं काय ठरलं ते या आठवड्यात कळव, असा तुझा निरोप आला, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस; पत्रात मध्ये बोलता येत नाही, एवढा तरी फायदा. आपलं काय ठरलं होतं ते आधी लिहून ठेवते. थरथर गाडीच्या दोषामुळे असेल तर गाडी माझ्याकडे राहील आणि माझं चालवणं बंद करण्याचा विषय तू पुन्हा काढणार नाहीस. गाडीत काही निघालं नाही, तर किल्ली तुझी. माझ्या अक्षराबद्दल आत्ताच काही बोलू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तळ्यावर निघालो होतो तो दिवस तुला आठवत असेलच. मागच्या सीटवर तू दाराची कडी अशी धरून बसली होतीस, जशी काही मी गाडी नाही, विमान उडवत होते. हायवेला लागलो, थरथर सुरू झाली आणि तुझं सुरू झालं, की आई, आता पुरे, आता हे वय नाही. बाबा नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी झोपलेले. त्यांनी एक डोळा उघडून, गाडी गुणगुणतेय, गुणगुणू दे तिला, असं म्हटलं आणि तो पुन्हा मिटला. नकाशा मांडीवर उघडा ठेवून झोपणारा असा वाटाड्या मी दुसरा पाहिला नाही. पण इतकी वर्षं आम्ही दोघं याच पद्धतीनं सगळीकडे पोचलो. घरात गाडी चालवणारी मी एकटीच. गाडी गेली तर तळंही गेलं, हे तुला त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी फक्त म्हणाले, वय गाडीचंही झालंय, आधी तिला तपासू.

ती थरथर कशी होती ते तुला मागे बसून कळलं नसणार. ऐंशीच्या आत गाडी अगदी शहाणी. काटा ऐंशीवर गेला की आधी बाबांच्या बाटलीतलं पाणी शहारायचं, मग आरसा. मागचा रस्ता, झाडं, ट्रक, सगळ्यांच्या कडा विरघळायच्या आणि नुसते रंग उरायचे. शंभराच्या जवळ गेलं की पुन्हा सगळं स्वच्छ, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आल्यासारखं. खरं सांगते, ती मधली खोली मला आवडायला लागली होती. दुपारचं ऊन काचेवर, बाबांचा संथ श्वास, आणि आरशातल्या त्या रंगांत मागच्या सीटवर शाळेच्या गणवेशात पाय हलवत बसलेली तू. ही गाडी तेव्हा आपल्याकडे नव्हती, कुणीतरी वापरलेली अशी परवाच तर विकत घेतली. पण आरशाला ते कोण सांगणार? कधी कधी मी काटा मुद्दाम नव्वदवर धरून ठेवायचे.

असो. स्वप्नं बघून गाडी दुरुस्त होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते पाहा, हे मी जन्मभर प्रयोगशाळेत मुलांना ओरडून सांगितलं, तेच केलं. गाडी उभी ठेवून इंजिन जोरात फिरवलं, तर शांत; म्हणजे इंजिन नाही. ब्रेक लावल्यावर थरथर वाढत नव्हती. म्हणजे ब्रेक नाही. स्टिअरिंगपेक्षा सीट जास्त हलत होती. म्हणजे मागची चाकं. टायरवाल्याकडे चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, थोडाच फरक पडला. मग मागची चाकं पुढे लावायला सांगितली. सीट गप्प झाली आणि स्टिअरिंग हलायला लागलं! म्हणजे दोष चाकाबरोबर पुढे आला. ते चाक यंत्रावर फिरवलं, तेव्हा टायरला एका जागी फुगवटा दिसला. आधीच्या मालकानं गाडी वापरण्यापेक्षा उभीच जास्त ठेवली होती. नक्षी नव्यासारखी खोल, म्हणून घेताना मीही फसले. पण रबर कडक झालेलं, बाजूला केसासारख्या भेगा. टायरच्या अंगावर बनल्याचा आठवडा आणि साल छापलेलं असतं. ते वाचलं. तुझ्या लग्नाच्या आधीचे टायर होते ते.

मी तिथूनच तुला फोन लावणार होते, दोष गाडीतच होता म्हणून. बाबा म्हणाले, नवे टायर बसू देत, मग कर. टायरवाला रुंद टायर दाखवत होता, बाई, गाडीला रुबाब येईल म्हणून. म्हटलं, रुबाब माझा मला पुरतो, दाराच्या पट्टीवर लिहिलंय त्याच मापाचे द्या. ओल्या रस्त्यावर पकड चांगली आणि आवाज कमी, एवढं बघितलं आणि चारही एकाच जातीचे घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना घेऊन निघाले. ऐंशी, नव्वद, शंभर. बाटलीतलं पाणी काचेसारखं. आरशात झाड म्हणजे झाड, ट्रक म्हणजे ट्रक. मागची सीट रिकामी. गाडी तरंगत होती. आणि स्टिअरिंग हलत होतं, अगदी बारीक. मी तशीच मागे फिरले आणि टायरवाल्याला फैलावर घेतलं. बिचाऱ्यानं पुन्हा बॅलन्सिंग केलं, मग मला शेजारी बसवून स्वतः हायवेवर घेऊन गेला. मोकळ्या सरळ रस्त्यावर त्यानं क्षणभर हात उचलून दाखवले. स्टिअरिंग झोपलेल्या बाळासारखं स्थिर. घरी आल्यावर गाडी बंद केली, बाबांना वर जा म्हटलं आणि एकटीच बसून स्टिअरिंग हातात धरलं. इंजिन बंद, चाकं उभी. थरथर चालूच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ढमे. बदलायची राहिलेली गोष्ट मीच होते.

डॉक्टरांनी कागदावर गोल काढायला लावला आणि औषध सुरू केलंय. घाबरण्यासारखं नाही, कमी होईल असं म्हणतात. बाबांना सांगितलं तर ते नुसते हसले. गेले कित्येक महिने ते माझा चहाचा कप अर्धाच भरत होते आणि मी त्यांना चिक्कू म्हणून बोलत होते. अटीप्रमाणे मी जिंकले आहे, हे नीट लक्षात ठेव. दोष गाडीत होता आणि तो मी शोधला. पण शेजारी बाबा झोपतात ते माझ्या हातांच्या भरवशावर. फोनवर मी ठणठणीत आवाजात काहीही सांगितलं असतं आणि तुला ते खरं वाटलं असतं. अक्षराला तसं बोलता येत नाही. ते तुझ्यासमोर ठेवायचं होतं, म्हणून हातानं लिहिलं. तळ्यावर तू नेशील. मी मागे बसणार नाही, बाबा बसतील. आणि मी कडी धरणार नाही.

तुझीच, जिंकलेली,
आई

ता. क. बाबांच्या हाती पाठवलं आहे: हे पत्र, गाडीची कागदपत्रं, नव्या टायरांची पावती आणि हमीपत्र, दोन्ही किल्ल्या. एक ठेवून घ्यावी असं वाटलं होतं, ठेवलेली नाही. सगळं मिळाल्याची सही बाबांकडे दे. देणारीची सही वर आहे. वाकडी आहे, पण माझीच.