आठव्या पदाचा मुखडा

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

माझगावहून कुरिअर. कॉनरॅडकाकांनी सीडी पाठवलीय — आजच्या काळात सीडी! वर त्यांच्या गिचमिड अक्षरात 'सुभद्राबायसाठी'. म्हणजे आईसाठी. अल्बमचं नाव 'दोन अंकांमधला चहा'. पियानो काकांचा, डबल बास स्टॅनलीचा, ड्रम्सवर लॉयड. आठही जुनी नाट्यपदं. गाणारं कोणीच नाही.

नाट्यपदं आणि जॅझ! ऐंशीला टेकले तरी काकांची खोड जात नाही. आईच्या नाटक कंपनीत ऑर्गनला बसायचे तेव्हाही मधेच काहीतरी भलतं वाजवायचे आणि विंगेत सगळे हसायचे, असं आई सांगायची. सांगायची तेव्हा.

१ डिसेंबर

ऐकली. राग आला. केवढं सावकाश ते! नाट्यपद म्हणजे तिसऱ्या घंटेनंतर कुजबुजणाऱ्या माणसाला गप्प करायला हवं. इथे तिघेही पाय पसरून बसलेत. आई मात्र डोळे मिटून पडली होती. झोपली असेल.

४ डिसेंबर

स्वयंपाक करताना पुन्हा लावली. तिसऱ्या पदाला मी पळी खाली ठेवली.

काका तान घेतच नाहीत. जिथे गवई दहा आवर्तनं खाईल तिथे ते दोन सूर ठेवतात आणि गप्प बसतात. मग खालून स्टॅनलीचा बास येतो, जड पिशव्या घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखा, एकेका पायरीवर दम घेत. आणि लॉयड ठेका धरण्याचा आव आणत नाही. ब्रशने नुसतं घासत राहतो — शेजारच्या खोलीत कोणी केर काढत असावं तसं. इतकी वर्षं ही पदं ऐकली. त्यांतली चाल इतकी हळवी आहे हे कधी कळलंच नव्हतं. गाणाऱ्यांनी कळूच दिलं नाही.

भेंडी करपली. आईने कुरकुर न करता खाल्ली.

८ डिसेंबर

आता रोजच लागते. आठवं पद मात्र फसलंय. शेवटी मुखडाच परत परत वाजवत बसलेत. शेवट सुचला नसावा.

११ डिसेंबर

राधा दिवसभर आईला सांभाळते. संध्याकाळी जाताना म्हणाली, ताई, त्या शेवटच्या गाण्याला आजी काहीतरी करतात, बघा तुम्ही.

बघितलं. सात पदं आई स्वस्थ पडून असते. आठव्याच्या शेवटी मुखडा परत सुरू झाला की तिची हनुवटी वर येते, डावा हात चादरीवर उघडतो आणि ती श्वास घेते. मोठा, छातीभर. मग मुखडा संपतो, हात मिटतो. पुन्हा मुखडा, पुन्हा श्वास. चार वेळा.

वन्स मोअर! शेवट सुचला नाही म्हणे — मी मूर्ख. प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला की गाणारी विंगेत जाऊन घोटभर पाणी पिऊन यायची, आणि ती परत जागेवर येईपर्यंत ऑर्गनवाला मुखडा फिरवत ठेवायचा. काका मुखडा फिरवत थांबलेत. चारदा थांबून मग त्यांनी झाकण लावलंय.

पेटी काढून पट्टी तपासली. आठव्याची पट्टी आईच्या जुन्या पट्टीपेक्षा दोन सूर खाली. आणि लय अशी की म्हाताऱ्या बाईचा दम पुरावा.

१२ डिसेंबर

लिहूनच टाकते. हे कोणालाच माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी, याच महिन्यात, रविवारी दुपारी काकांचा फोन आला होता. माझ्या मोबाइलवर. अल्बम करतोय, एक पद सुभद्राबायने गावं, गाडी पाठवतो, दमली तर थांबू. मी म्हटलं, आई आता गात नाही, काका. तिला आवडायचं नाही. ते म्हणाले, एकदा विचार तरी. मी म्हटलं, विचारलंय.

विचारलं नव्हतं. आई समोरच बसली होती, मटार सोलत. कोणाचा फोन म्हणाली. मी म्हटलं, बँकेचा. ती म्हणाली, "बरं."

का केलं मी असं? त्या वर्षी वाडीच्या गणपतीत तिला आग्रहाने गायला बसवलं होतं. वरच्या सुरावर आवाज फाटला. मागे दोन मुली फिसकन हसल्या, एकीने मोबाइल वर धरला. आई हसली, पुन्हा तो सूर घ्यायला गेली, पुन्हा फाटला. तिचं हसं होऊ नये म्हणून काकांना नाही म्हटलं, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे. मला तिची लाज वाटली होती. एवढंच.

पुढच्या मे महिन्यात तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला. भूक लागली तरी "बरं", दुखलं तरी "बरं".

१३ डिसेंबर

आज लावली नाही. राधा म्हणाली, आजी दुपारभर प्लेअरकडे बघत होत्या.

१५ डिसेंबर

आईला सांगितलं. उशाशी बसून सगळं — फोन, गणपती, त्या मुली, लाज. रडायचं नाही असं ठरवून बसले होते. नाही जमलं. सगळं ऐकून तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "बरं."

तिला काय कळलं कोण जाणे. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं. पण तिला ना धक्का बसला, ना राग आला. चेहरा जसाच्या तसा. मीच मग आठवं पद लावलं. मुखडा आला, तिने श्वास घेतला.

२१ डिसेंबर, शनिवार

माझगावला जाऊन काकांची माफी मागितली. तुम्ही मोठ्या मनाने बोलावलंत, मी तिला विचारलंच नाही, म्हटलं. काकांनी पियानोच्या झाकणावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "मी कुठं बोलावलं, मेघना? बायनेच फोन केला होता मला, तू ऑफिसात असताना. म्हणाली, एकदा गायचंय रे कॉनरॅड. पण मी विचारलं तर मेघना नाही म्हणेल. रविवारी ती घरी असते, तू विचार. तुला ती नाही म्हणायची नाही."

म्हणजे फोन कोणाचा ते तिला माहीत होतं. मी बँकेचा म्हटलं, आणि ती मटार सोलत राहिली.