पंधरा तास म्हणे

आबा, तुमची नात, माझी पोर, मला टोरंटोला न्यायचं म्हणते, तिच्या घरी. तुमची सून गेल्यापासून तिनं हेच लावून धरलंय. "थोडे दिवस चला नाना, एकटे काय करता यावलमध्ये?" मी विचारलं, लांब किती? तिनं फोनवर चित्र पाठवलं. इकडे मुंबईचं विमानतळ, तिकडे टोरंटोचं, मधे एक रेघ. साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास. "एक झोप काढली की आलंच." मला तिथंच शंका आली. आपल्याला जळगावला जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि हे म्हणे एका झोपेत.

मग तुम्ही आठवले. केळीच्या बागेत गाडी येऊन उभी, मजूर खोळंबलेले, आणि तुम्ही विळा खाली ठेवून बांधावर बसलेले. "पह्यले सांग, माल कुठी चालला?" केळी लांब जायची तर घड कोवळा कापायचा, जवळ जायची तर भरलेला. व्यापारी चिडतो. "आबा, गाडी माझी, माल माझा, तुम्हाले काय करायचं?" "विळा माझा शे," तुम्ही म्हणता. तो धुळे सांगतो, तरी तुम्ही उठत नाही. ड्रायव्हरला खाली बोलवता, चहा पाजता, मग हळूच विचारता. ड्रायव्हर दिल्ली म्हणतो. तिकडचा भाव आपल्याला कळू नये म्हणून व्यापाऱ्यानं गाव लपवलेलं. तो तोंड फिरवून विडी पेटवतो.

मीपण तसंच केलं. नशिराबादची एक बाई लेकाकडे तिकडेच जाऊन आलेली, तिला गाठलं. "कशाचे पंधरा तास हो भाऊ! मधे कुठंतरी उतरवलं, रातभर खुर्चीवर बसवलं. पाय सुजून खांब झाले माझे." मी लगेच पोरीला फोन लावला.

"नाना, त्यात फक्त हवेतलं धरतात."

"मग जमिनीवरचं कोणी धरायचं?"

ती हसली. मला हसू आलं नाही. म्हटलं, "परतीचं तिकीट दाखव."

ती म्हणे, "ते काय, केव्हाही निघतं." म्हणजे काढलेलंच नाही! तेव्हा मला बठ्ठं, सगळंच दिसायला लागलं. म्हैस विकून टाका म्हणते. किल्ली शेजारी द्या म्हणते. थोड्या दिवसांसाठी कोणी म्हैस विकतं का? मी सांगून टाकलं, परतीचं तिकीट बघितल्याशिवाय मी एस्टीतपण बसणार नाही. ती रडायला लागली. "माझ्यावर भरवसा नाही तुमचा?" नाही म्हटलं आणि फोन ठेवला. दोन दिवस तिचा फोन नाही. मीपण केला नाही. भाकरी थापायला घेतली, धड जमली नाही, दुधात कुस्करून खाल्ली.

तुम्ही असते तर म्हणाले असते, बरं केलं. हे पत्र काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, कपाटात कपड्यांखाली ठेवून देतो. पण एक सांगायचं राहिलं. आज सकाळी तिनं परतीचं तिकीट पाठवलं. सगळं इंग्रजीत, म्हणून शेजाऱ्यांच्या सुनेकडून परत यायची तारीख वाचून घेतली, दोनदा. आबा, मला ती फार लवकरची वाटली.