दोष ग्राहकाच्या बाजूला

४ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कारण एकच, शिस्त. ही मुलीकडे गेल्यापासून घराला शिस्त लागली आहे, तिची नोंद राहावी.

(ही म्हणजे बायको. वाचणारा मीच आहे, तेव्हा खुलाशाची गरज नव्हती. पण वीज कंपनीच्या तक्रार विभागात जन्म काढला, अर्धवट नोंद मला बघवत नाही.)

ही आठ दिवसांसाठी गेली होती. दुसरा महिना चालू आहे. तिकडची हवा चांगली आहे म्हणते. भांडण वगैरे काही नाही. तिच्या साठाव्या वाढदिवसाला मी गॅसचा लायटर आणला, त्यावरून थोडी चर्चा झाली एवढंच. जुना लायटर बिघडला होता. नवाही तिनेच सांगितलं म्हणून आणला. आजही एका चापात पेटतो. अशी वस्तू देणारा नवरा शोधून सापडायचा नाही, असं मी म्हणालो. शोधत नाहीये, कंटाळलेय, असं ही म्हणाली आणि बॅग भरली.

जाताना म्हणाली, सांगितल्याशिवाय तुम्ही मला जन्मात एक वस्तू आणली नाहीत.

ठीक आहे. आणतो. २ मार्चला लग्नाचा वाढदिवस. त्याच्या आत ही घरी. पद्धत: सरप्राइज. कोणाला सुगावासुद्धा लागता कामा नये.

चहा आजही दोन कप झाला. हात सवयीचा. दोन्ही मीच प्यालो.

७ फेब्रुवारी

कपड्यांच्या दुकानात गेलो. आजवर मी अशा दुकानांच्या बाहेर उभा राहत आलो; पिशव्या धरायला कोणीतरी लागतं. आज आत.

निळा कोट पसंत केला. साइज विचारली. मला काय माहीत? समोर एक बाई उभ्या होत्या, त्यांच्याकडे बोट करून म्हणालो, साधारण एवढी. त्या बाई काही न घेता निघून गेल्या. माणसांना हल्ली विनोद कळत नाही.

काउंटरवर कार्ड दिलं. मशीन म्हणालं, डिक्लाइन्ड.

आणि नेमका त्याच वेळी हिचा फोन! कुठे आहात, म्हणाली. सरप्राइज फुटतंय की काय! पण मी कसला हलतोय. म्हणालो, घरीच, जरा आडवा झालो होतो. मागे गाणी कसली, म्हणाली. रेडिओ, म्हणालो. पाकीट जागेवर आहे का, म्हणाली. म्हणालो, खुंटीवरच्या पँटमध्ये असणार, जाणार कुठे? बरं, झोपा, म्हणाली. कशी काळजी करते बघा.

काउंटरवरच्या मुलीने कार्ड पुन्हा लावलं. पुन्हा डिक्लाइन्ड. मग ती हळूच म्हणाली, काका, खात्यात पैसे आहेत ना? मी मोठ्याने म्हणालो, भरपूर आहेत! सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. हात दाखवून अवलक्षण. कोट तिथेच राहिला.

८ फेब्रुवारी

बँकेच्या कस्टमर केअरला फोन. अर्धी सकाळ संगीत ऐकलं. मग एक गोड आवाज. तुमच्या कार्डावरचे व्यवहार ग्राहकाच्या सांगण्यावरून थांबवले आहेत, म्हणाली. मी उडालोच. म्हटलं, ग्राहक मी! मी कोणाला काही सांगितलेलं नाही! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तुम्हाला मेसेज आला असेल ना, म्हणाली. मी मेसेज वगैरे बघत नाही, आमच्या वेळी माणूस माणसाशी बोलायचा, असं ठणकावलं. ती हो सर म्हणाली. जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं आणि कार्ड सुरू करून दिलं. आईचं नाव किती वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. जरा वेळ बोललो असतो, पण तिला दुसरा फोन होता.

११ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात भेटले. कार्डाची हकिकत सांगितली. त्यांच्या मते चिप मळली असणार, खोडरबराने पुसा. पुसली. ब्रेड आणि अंडी घेतली. चाललं! शोध लागला: कार्डाला खोडरबर लागतं. बँकेतल्या शहाण्यांना हे माहीत नाही.

मास्तरांनी विचारलं, वहिनी कधी येणार? म्हणालो, याच महिन्यात. मागच्या महिन्यातही मी हेच म्हणालो होतो, याची त्यांनी आठवण करून दिली. मास्तरांची स्मरणशक्ती अजून शाबूत आहे, आनंद आहे.

संकल्प: उद्यापासून स्वतः स्वयंपाक. व्यायाम. दोन्ही.

१२ फेब्रुवारी

ब्रेड.

१३ फेब्रुवारी

घसा धरला आहे. खोकल्याचं औषध आणलं. कार्ड चाललं. संध्याकाळी हिचा फोन. पहिलंच वाक्य, खोकला झालाय का? मी अजून खोकलोही नव्हतो! छे छे, ठणठणीत आहे, म्हणालो. गरम पाणी प्या, म्हणाली.

याला म्हणतात मनं जुळणं. इतक्या लांबून, नुसत्या हॅलोवरून! मुलीकडे राहून राहून तिला माझी किंमत कळते आहे. हळूहळू पाघळणार.

१७ फेब्रुवारी

मोठी झेप. प्रवास कंपनीच्या ऑफिसात गेलो. समुद्रकाठचं हॉटेल, चार दिवस, दोन माणसं. लग्नानंतर जाऊ म्हणालो होतो ते राहून गेलं होतं. मध्ये माझी बढती आली, मग मुलीची शाळा, मग सवय.

खिडकीतून समुद्र दिसेल अशी खोली मागितली. टेबलावरच्या पोराने विचारलं, एक पलंग की दोन? म्हणालो, पुढचा प्रश्न.

कार्ड आधीच खोडरबराने लख्ख करून नेलं होतं. डिक्लाइन्ड.

तेवढ्यात हिचा फोन. दर वेळी नेमका! अंतर्ज्ञान. बाहेर आहात का, म्हणाली. मी आता सराईत झालो आहे. म्हणालो, घरीच, स्वयंपाक करतोय. काय करताय, म्हणाली. भात आणि दोन भाज्या, म्हणालो. रोजच करतो, म्हणालो. रोज, असं हिने पुन्हा म्हणून बघितलं. गहिवरली असणार. मग म्हणाली, पाकीट सांभाळा हो, हल्ली दिवस वाईट आहेत.

पोराने पुन्हा कार्ड लावलं. नाही म्हणजे नाही. काका, रोख आहे का, म्हणाला. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं म्हणून बाहेर पडलो.

रात्रीचं जेवण: ब्रेड. भात लावणार होतो, पण एका माणसाला किती घ्यायचा ते डब्यावर लिहिलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

आता हे बँकेचं कारस्थान आहे याबद्दल शंका नाही. ब्रेडला होय, समुद्राला नाही. औषधाला होय, कोटाला नाही. खोडरबराचा संबंध नसावा. माणसाने नुसतं जगावं, मजा करू नये, असं त्यांचं धोरण दिसतं. सडेतोड तक्रार लिहायला बसलो. लेखणी अजून तीच आहे. मायना झक्क जमला. पुढे डुलकी लागली.

२२ फेब्रुवारी

बँकेत गेलो. स्वतः. तक्रार विभागात इतकी वर्षं मी टेबलाच्या पलीकडे होतो, आज अलीकडे बसलो. ही खुर्ची मुद्दाम ठेंगणी ठेवतात. आम्हीही ठेवायचो.

समोर चष्मेवाल्या बाई. मी तासभर पुरेल असं भाषण तयार ठेवलं होतं. त्यांनी तिसऱ्या वाक्याला थांबवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. म्हणाल्या, काका, पैसे भरपूर आहेत, कार्ड उत्तम आहे, मशीनही बरोबर आहे. पण तुम्ही नेहमी ब्रेड-अंडी घेणारे. एकदम मोठी किंवा वेगळी खरेदी झाली की आमची सिस्टिम ती अडवते आणि मेसेज पाठवून विचारते, हा व्यवहार तुमचाच का? होय आलं की पुढच्या वेळी सोडते, नाही आलं की कार्डच थांबवते. तुमचं दोन्ही वेळा नाही आलं.

मी म्हणालो, शक्य नाही, मला एकही मेसेज आलेला नाही. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, खातं दोघांच्या नावावर आहे आणि नंबर दुसरा दिलेला आहे. वाचून दाखवला.

हिचा नंबर.

मग आठवलं. खातं उघडताना मीच म्हणालो होतो, मेसेज वाचत बसणं हे माझं काम नाही, हिचा टाका. काखेत कळसा.

बाई समजुतीने म्हणाल्या, म्हणजे काका, अडचण बँकेत नाही, तुमच्या घरात आहे.

हे वाक्य माझं आहे. अंधारात बसलेल्या किती लोकांच्या अर्जावर मी लिहिलं असेल: दोष ग्राहकाच्या बाजूला. खाली सही. ते लोक नंतर घरी जाऊन काय करत असतील, हा विचार कधी आला नव्हता.

कार्ड सुरू करून दिलं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

फोन केला. आवाज चढवूनच सुरुवात केली. नाही का दाबलंस, म्हणालो.

ही म्हणाली, मग काय दाबू? बायकांच्या कपड्यांच्या दुकानात कार्ड चालतंय म्हणून मेसेज. तुम्हाला फोन केला तर तुम्ही घरी झोपलेले. मग प्रवास कंपनीचा मेसेज. तुम्ही घरी भात करताय. मला वाटलं, कार्ड चोराच्या हातात गेलं. तुम्हाला सांगितलं असतं तर बँकेत जाऊन आरडाओरडा केला असतात. मुलगी म्हणाली, बंद करून टाक, बाबांना कशाला ताप.

मी म्हणालो, अगं पण चोर कशाला? नवराही घेऊ शकतो कोट.

ही म्हणाली, घेऊ शकतो. पण इतक्या वर्षांत घेतला नाही ना. चोरच असणार असं वाटलं.

तिला लागेल असं बोलायचं नव्हतं. सरळच म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

मग म्हणाली, भात करता हे खोटं का सांगितलंत? तुमचा प्रत्येक ब्रेड मला इकडे कळतो. ब्रेड, अंडी, ब्रेड, औषध, ब्रेड. सकाळी मेसेज वाजला की कळतं, उठलात, चालत खाली गेलात, बरे आहात. एक दिवस उशिरा वाजला तर माझा चहा गार झाला होता.

ब्रेड चांगला मिळतो इथे, म्हणालो.

शेवटी विचारलं, कधी येतेस? बघू, म्हणाली. आमच्या घरात बघू म्हणजे होय. मी बघू म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नाही असा असतो, पण ती वेगळी आहे.

२५ फेब्रुवारी

घर आवरलं. मास्तरांना सांगितलं, दोन तारखेच्या आत येतेय. त्यांनी फक्त मान हलवली. मत्सर. ते एकटेच असतात.

भात लावला. करपला. पण लावला.

१ मार्च

हिचं काही कळवणं नाही. म्हणजे तीही सरप्राइज देणार. उद्या दारात उभी राहील. गुण लागला.

फुलांच्या दुकानात गेलो. पिवळी घेतली. हिला कोणती आवडतात ते विचारायला हवं होतं, पण मग सरप्राइज कसलं? कार्ड लावलं. डिक्लाइन्ड. मी काउंटरला टेकून शांतपणे उभा राहिलो.

फोन वाजला. ही म्हणाली, फुलांच्या दुकानात कोण आहे?

म्हणालो, मी आहे.

मग बरं म्हणाली आणि फोन ठेवला. मी दुकानदाराला म्हणालो, आता लावा. चाललं! दुकानदाराने कारण विचारलं. म्हणालो, घरून परवानगी लागते. तो हसला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी कोणाबरोबर तरी हसलो.

फुलं कुकरच्या भांड्यात ठेवली आहेत. उंच आहेत, सारखी आडवी होतात.

२ मार्च

सकाळपासून दाराकडे कान. एकदा बेल वाजली. मास्तर. वर्तमानपत्र मागायला आले होते, फुलं बघून काही न मागता परत गेले.

दुपारी हिचा मेसेज आला. माझ्या फोनवर, मला. आयुष्यात पहिल्यांदा मेसेज चष्मा लावून पूर्ण वाचला. लिहिलं होतं, फुलदाणी कपाटावर आहे, डब्यांच्या मागे. पाणी रोज बदला.

घरात फुलदाणी आहे हे मला माहीत नव्हतं. स्टुलावर चढून काढली. चांगली आहे. आत दुकानाचा कागद तसाच होता, कधी वापरलेली नाही.

आधी फार आनंद झाला. फुलांची एवढी काळजी करते, म्हणजे निघालीच असणार, असं इथे लिहायलाही घेतलं होतं. मग फुलदाणी धुता धुता लक्षात आलं. येणारं माणूस पाणी रोज बदला असं सांगत नाही. येऊन स्वतः बदलतं.

३ मार्च

चहा एकच कप केला. बरोबर झाला.

पाणी बदललं.

मग खाली जाऊन ब्रेड घेतला. घरात कालचा अख्खा शिल्लक होता. पण वेळ झाली होती, आणि तिकडे तिचा चहा झाला असेल.

कार्ड चाललं.