सोनाआते, नामीबायची पेन्शन झाली!

प्रिय सोनाआते,

आपलं भांडण तू जिंकलीस!

खरं तर हे तुला तोंडावर सांगायचं होतं. म्हणजे तू पानाचा तोबरा सांभाळत "मी काय बोलली व्हती?" असं विचारलं असतंस, आणि पुढे आठवडाभर तुझ्या दारावरून जायची माझी छाती झाली नसती. तू गेलीस त्याला अजून वर्षही व्हायचंय. आज दुपारी नामीबायची पहिली मनीऑर्डर आली आणि ही बातमी पोटात ठेवून मला गल्ल्यावर बसवेना. हॉटेलात सांगू कोणाला? ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रकवाल्यांना? त्यांना चहा लागतो, बातमी नाही. म्हणून तुला लिहायला बसलो. वाचता येत नाही ही सबब सांगू नकोस. मला तू न वाचताच ओळखायचीस!

सुरुवात कशी झाली, आठवतं? हॉटेल नव्हतं तेव्हा. तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर माझी चहाची टपरी होती. हात कप विसळायचे आणि कान फाटकाच्या आत असायचे. साहेब लोक चहा पिताना जे बोलतात ते कुठल्याही बोर्डावर लिहिलेलं नसतं, आते. निराधार म्हाताऱ्यांना सरकार महिन्याला पेन्शन देतं, विधवांना देतं, हे मी तिथे ऐकलं. आंधळ्या माणसाला दवाखान्यात घेऊन जायचं तर सोबतीला जाणाऱ्यालाही तिकिटात सवलत मिळते, हेही तिथेच. तुला येऊन सांगितलं तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस.

"यो गावान कोनाला म्हाईत हाय?" तू विचारलंस.

"कोणालाच नाही."

"मंग मी गातय."

मला वाटलं, थट्टा करतेस. पण तू पडलीस धवलारीण! आगऱ्यांच्या लग्नात तुझे धवले गाऊन झाल्याशिवाय नवरीच्या गालाला हळद लागायची नाही. तळवलीपासून जासईपर्यंत कुठल्या घरात म्हातारी कोपऱ्यात बसलीय आणि तिला कोण भरवतं, ते तुला पाठ. पुढच्याच हळदीला देवांची नावं घेऊन झाली, मुंडावळ्यांचं गाऊन झालं, आणि त्याच चालीवर तू सुरू केलंस:

दात परले जिचे गो, केस झाले पांडरे,
तिचा वाटा सरकारान, मांगाया कनाला लाजरे?

नवऱ्याचा मामा तडकला, "आते, यो लगीन हाय का कचेरी?"

"तुजी आय त्या कोपऱ्यान बसलीय," तू गाणं न तोडता म्हणालीस, "तिला इचार, तिला काय पायजे!"

मांडव हसला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या ओटीवर म्हाताऱ्यांची रांग! पेपरात जाहिरात देऊन जे होत नाही ते तू एका रात्रीत केलंस. मी धंदेवाला माणूस, मला त्याची किंमत कळते.

आणि मग आते, तू घोळ घातलास. हो, घातलास! आज जिंकलीस म्हणून तेवढं सोडणार नाही.

कचेरीला जायचं ठरलं तेव्हा तू हुकूम काढलास, सगळ्यांनी नटून यायचं. आपल्या बाया त्या! कोणी शेजारणीची ठुशी मागितली, कोणी सुनेच्या माहेरच्या पाटल्या. ज्यांच्या घरात दुसरं लुगडं नव्हतं त्या उसन्या जरीकाठात आल्या. नामीबायच्या गळ्यात तू तुझी स्वतःची पुतळ्यांची माळ घातलीस, जिच्यात मधली एक पुतळी तुटली होती आणि त्या जागी लाल दोरा बांधला होता. सगळ्या जणी साहेबापुढे उभ्या राहिल्या तेव्हा कचेरी उजळली ग! साहेब साताऱ्याकडचे, सरळ माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आजी," ते म्हणाले, "एवढं सोनं माझ्या बायकूनं लग्नातबी बघितलं न्हाई. तुम्ही निराधार कशा काय?"

झालं. सगळे अर्ज परत. त्यांचंही काय चुकलं? त्यांच्या डोक्यात एकच, की या गावांची जमीन नव्या शहरात गेली, बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले, म्हणजे सगळे शेठ. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचे बंगले झाले, खरं आहे. पण नामीबाय जन्मभर मिठागरावर दुसऱ्याचं मीठ ओढत होती. तिला कुठला प्लॉट?

परतीच्या बसमध्ये आपलं जुंपलं. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायचं विसरला. मी म्हटलं, "आते, पुढच्या वेळेला साधं लुगडं आणि रिकामा गळा. काम होईल." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुझ्या पंगतीतून ताट उचललंय.

"उगऱ्या गल्यान मयतीला जातान, बाल्या. कचेरीला नाय!"

"अगं, पण पेन्शन?"

"पेन्शन मांगाया चाललूय, भीक नाय!"

आणि तुझ्यामागे सगळ्या जणी माना हलवत बसल्या. त्यानंतर रिकाम्या गळ्याने एकही बाई कचेरीची पायरी चढायला तयार होईना. मी समजावून थकलो. मंदा, माझी बायको, ती तर तुझ्याच बाजूची! मग तुझं दुखणं निघालं आणि तू गेलीसच. जाताना माळ मंदाच्या हातात देऊन म्हणालीस, "जिला लागंल तिला दे." मला मात्र काही सांगितलं नाहीस. माझ्यावर एवढी नाराज होतीस का ग?

तू गेलीस आणि इकडे नामीबायच्या घरात पेच पडला. तिची नजर पूर्ण गेलीय. मुलगा तापाने गेला तो गेलाच. राहिली सून, लता. सासूला न्हाऊ घालायचं, भरवायचं, धरून फिरवायचं, आणि उरलेल्या वेळात दारात टोपली मांडून सुके बोंबील विकायचे. त्यात दोघींचं भागेना. लताचा भाऊ दर रविवारी यायला लागला. त्याने पेणकडे तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती, राहायला खोलीसुद्धा. पण खोली एकटीची. "म्हातारीला ठेव कोनाकरं तरी," म्हणायचा. कोणाकडे? लताने त्याला दिवाळीपर्यंत थोपवून धरलं. दिवाळीनंतर काय, ते तिलाही माहीत नव्हतं. एकदा बोंबील घ्यायला गेलो तर आतून नामीबायचा आवाज आला, "तू जा ग पोरी. मी काय, भितीला हात लावून राहीन." लताने मला जास्तीचे बोंबील बांधून दिले, मोजायचं भान नव्हतं तिला.

आते, त्या दिवसापासून मी परत कान उघडे ठेवले.

कचेरीत चहा अजून माझ्याच हॉटेलातून जातो. पोऱ्याला बाजूला सारून किटली मी स्वतः न्यायला लागलो. शेठ किटली घेऊन येतो म्हणून क्लार्क लोक हसायचे. हसू देत. एक दिवस साहेब हेडक्लार्कवर चिडले होते, ते ऐकलं: "अहो, घरी जाऊन चौकशी केल्याबिगर अर्ज नाकारायचा नसतो, ह्ये मला कळतंय. पण जीप हाय का मला? जाऊ कशानं, उडत?"

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. अगं, म्हणजे बायांनी कचेरीत जायचंच नव्हतं! कचेरीने त्यांच्याकडे यायचं होतं!

"साहेब," मी कप पुढे केला, "माझा पावाचा टेम्पो तळवलीला रोज जातो. पुढची सीट रिकामी असते."

"तुमचा काय फायदा यात, शेठ?"

"तिथे एक आते होती माझी. तिच्याशी भांडण राहिलंय."

त्यांना काही कळलं नाही, पण ते आले. हेडक्लार्क मागे पावाच्या ट्रेमध्ये मांडी घालून! मी आदल्या दिवशी घरोघर बजावून आलो होतो, कोणी नटायचं नाही, आहे तसं घर दाखवायचं. सगळ्या "हव, हव" म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. एवढा हुशार म्हणवतो मी स्वतःला!

पहिलं घर हिराबायचं. दार उघडलं तर काय? गळ्यात मंदाकडची, तुझी पुतळ्यांची माळ! लाल दोऱ्यासकट. साहेबांनी ती पाहिली. घर बघितलं, डबे बघितले, निघाले. दुसरं घर धर्मीबायचं. आम्ही पुढच्या वाटेने पोचेपर्यंत माळ मागच्या परसातून पोचलेली! धर्मीबाय धापा टाकत होती आणि माळ उलटी घातली होती. मी साहेबांच्या मागे उभा राहून हातवारे करतोय, काढ, काढ म्हणून. ती उलट पदर सारून नीट दाखवतेय!

तिसरं नामीबायचं. साहेब उंबऱ्यात थांबले. नामीबाय मधोमध पाटावर बसली होती, केस विंचरलेले, गळ्यात माळ. लता बाजूला मान खाली घालून.

"आजी," साहेब म्हणाले, "ही माळ मला आज तिसऱ्यांदा भेटतेय."

गेली पेन्शन, म्हटलं. गेली लता पेणला.

"भेटनारूच," नामीबाय म्हणाली. "गावान एकच हाय."

"तुमची आहे?"

"माजी कशी असंल? सोनाबायची. ती मेली. आथा जिच्या घरान पावना येल तिची."

"पण मी पाहुणा न्हाई, आजी. मी तुमची गरिबी बघायला आलोय."

"ती बग की! चूल बग, डबं बग, कोन नको बोलतं?" म्हातारीने आंधळी नजर बरोबर त्यांच्याकडे वळवली. "पन तू माज्या दारान आयलास ना? तुज्या आयेकरं कोनी सायेब आयला, तर ती उगऱ्या गल्यान बसंल?"

साहेबांनी बूट काढले आणि ते आत गेले. चूल पाहिली. डब्यात हात घातला. बाहेर येऊन पाटासमोर चक्क जमिनीवर बसले.

"माझी आई," ते म्हणाले, "गावात कुणी मोठं माणूस आलं की शेजारणीची नथ आणायची. मी इसरलो होतो." आणि हेडक्लार्ककडे वळून, "लिहा. सगळ्यांचं लिहा. त्या दिवशी परत पाठवलेले सगळे अर्ज काढा. माळ एकच हाय, असंबी लिहा!"

गल्ली नुसती दणाणली, आते! हिराबाय नाचली. धर्मीबायने हेडक्लार्कची दृष्ट काढली, पावाचा चुरा लागलेल्या पँटीसकट. लताचा स्वतःचा विधवेचा अर्ज साहेबांनी तिथेच घेतला. तो अजून वाटेत आहे, पण येईल. दवाखान्याला जायच्या तिकिटातली सवलत तिला माहीतच नव्हती. "म्हणजे माझंबी तिकीट?" म्हणून तिने मला दोनदा विचारलं. गेल्या आठवड्यात सासूला घेऊन ती डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याला आशा आहे.

तू स्वतःचा अर्ज कधी केला नाहीस. मी कितीदा म्हटलं! "माजी सोताची माल हाय, मी कशी मांगू?" म्हणायचीस. त्या सगळ्या जणींत स्वतःचं सोनं असलेली तू एकटी, आणि कचेरीत शेठाणी ठरल्या बाकीच्या! यावर वर बसून हसत असशील.

आज पोस्टमन आला तेव्हा मी मुद्दाम तिथे होतो. नामीबायने आधी त्याला बसवलं, लताला चहा टाकायला लावला, मग अंगठा पुढे केला. पैसे हातात घेतले, चाचपले आणि सरळ लतापुढे धरले.

"घे. आथापरयंत तू मना पोसलीस. आथा घरान मी बी कमवती हाय. तुज्या भावाला सांग, माजी सून मी सांभालतय!"

आणि लता हसली, आते. मी तिला हसताना पाहिलं नव्हतं कधी. म्हणाली, "मंग मालकीनबाय, आजपासून चहान साखर जास्त!" भाऊ या रविवारी आला तर त्यालाही तोच चहा मिळेल. पेणची खोली त्याने दुसऱ्या कोणाला द्यावी.

आता ऐक. पुढच्या महिन्यात जासईला हळद आहे. तिथल्या म्हाताऱ्यांचा निरोप आलाय, "आमच्याकरं कवा येतस?" मी जाणार. नुसतं जासईच नाही, जिथे जिथे तू गायलीस तिथे सगळीकडे. आणि तुला वचन देतो, एकाही बाईला मी दागिना उतरवायला सांगणार नाही. तिने सजून बसावं, ताठ बसावं. ज्या साहेबाला शंका येईल त्याला मी तिच्या चुलीपर्यंत घेऊन जाईन. चिखल असो, ऊन असो. आणि त्याने यायला नाही म्हटलं, तर त्याचा चहा बंद!

तुझा,
बाल्या
(कचेरीत बाळारामशेठ म्हणतात. तुझ्यापुढे कसला शेठ!)