बर्फ : चालत दहा मिनिटं

४ जून, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण : पोट.
लॉजच्या दारातल्या पाटीवर वडिलांच्या अक्षरात लिहिलंय, 'बर्फ : चालत दहा मिनिटं'. त्यांनी खिशातलं घड्याळ हातात धरून स्वतः मोजलं होतं. काल एका पाहुण्याने तक्रारवहीत लिहिलं की पन्नास मिनिटं लागली. लोक आळशी झालेत, दुसरं काय! तरी खात्रीसाठी मी स्वतः वर हिमनदीच्या बर्फापर्यंत गेलो. पंचावन्न. म्हणजे वरची पंचेचाळीस मिनिटं पोटाची.
निश्चय : साखर बंद. रोज सकाळी चढ.

४ जून, संध्याकाळी ५
साखर उद्यापासून.

९ जून
बायकोने अट घातली. ऑगस्टअखेर पाटी खरी करून दाखवा, नाहीतर लॉजला कुलूप आणि आपण दोघं खाली शहरात, तिच्या भावाच्या लाँड्रीत. मी म्हटलं, मंजूर. वडिलांनी हे लॉज बांधलं ते मुलाने परक्यांच्या चादरींना इस्त्री करावी म्हणून नव्हे.

२० जून
वजन दोन किलो कमी. वेळ अठ्ठावन्न मिनिटं. दोष बुटांचा. नवे मागवले.

२ जुलै
नवे बूट. एक तास चार मिनिटं. नवे आहेत म्हणून चावतात. घड्याळाचाही संशय आला, सेल बदलला.
वाटेत वडिलांचा बाक लागला. त्यावर बसून ते बर्फात पाय सोडायचे. आता समोर नुसते दगड. वाऱ्याने बर्फ थोडाफार इकडेतिकडे होत असणार.

११ जुलै
पाटीचा रंग ताजा करायला पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, साहेब, आकडा खडूने लिहून देऊ का, दर वर्षी हेलपाटा नको. खवचट माणूस. चहा न देता पाठवला.

१९ जुलै
पाच किलो कमी. पँट कमरेवरून घसरते. वेळ एक तास अकरा. वेगही वाढला आणि वेळही वाढला, हे गणित आम्हाला शाळेत नव्हतं.
बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं, असं लोकांचं असतं. तुमचं उलटं. अंगणच निघून गेलं आणि तुम्ही पायांना बोल लावताय. हिला मधेच नाचाचं काय सुचलं कळलं नाही. क्लास लावायचा असेल तर तिने एकटीने लावावा.

२८ जुलै
आयडिया! दहा मिनिटं कुठून, हे पाटीवर लिहिलेलंच नाही. तासाभराच्या वाटेवर चार पत्रे ठोकून शेड उभी केली, आत एक खुर्ची ठेवली आणि पाटी तिथे नेली. तिथून बर्फ नऊ मिनिटं! अट पुरी.
बायकोने विचारलं, पाहुण्यांनी झोपायचं कुठे, खुर्चीत? बारीकसारीक गोष्टींत अडकायचा तिचा स्वभावच आहे.

१३ ऑगस्ट
शेडपासून बारा मिनिटं. खुर्ची कोणीतरी हलवली असावी.
पाटी पाठीवर घेऊन परत खाली. वाटेत पेंटर भेटला. मला बघून खिशात हात घातला. खडूच असणार.
माझ्या पायांत नक्की बिघाड आहे. उद्या डॉक्टर.

१४ ऑगस्ट
डॉक्टरांनी पळवलं, टोचलं, गुडघ्यांवर हातोडी मारली. म्हणाले, पाय पंचविशीतल्या पोराचे आहेत, असा पेशंट कित्येक वर्षांत पाहिला नाही. पाठीवर थाप मारली आणि तसं लेखी दिलं. इतकी वाईट बातमी मी आजवर ऐकली नव्हती. घरी येईपर्यंत दोनदा रडू आलं.
दुसरे डॉक्टर गाठावेत का?

२२ ऑगस्ट
एक वयस्क काका-काकू उतरलेत. चाळीस वर्षांपूर्वी लग्न झाल्या झाल्या इथेच आले होते. तेव्हा गप्पा मारत दहा मिनिटांत पोचलो, म्हणाले. आज बाकापर्यंत जाऊन परतले. काकू ओशाळून काकांना म्हणाल्या, आपलेच पाय गेले हो.
मी नेहमीसारखा हो म्हणणार होतो, साखर बंद करा म्हणणार होतो. तोंडातून निघालं, नाही काकू, पाय तुमचे ठणठणीत आहेत. बर्फ गेला.
बोलून मीच दचकलो. बायको टेबल पुसत होती, तिचा हात थांबला. मग तिने मला न विचारता चहा आणून दिला. साखर घातलेला. वडिलांची फार आठवण आली.

३१ ऑगस्ट
पाटी उतरवली. सामानात सगळ्यात वर ठेवली.
मेहुण्याचा फोन. म्हणाला, दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहायचं काम आहे, पाय मजबूत लागतात, दाजींना झेपेल का?
बायको म्हणाली, झेपेल. त्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे.